गिटार, लॅपटॉप आणि मधला हरवलेला स्पीकर

या महिन्यात गिटारवाल्यांची पत्रं एवढी आली की तबला-पेटीवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबायची विनंती करतो. बहुतेकांचं दुखणं एकाच जागी आहे, ते म्हणजे कॅबिनेट, गिटारचा स्पीकर बसवलेलं खोकं. तेव्हा हे सगळं सदर त्यालाच.

काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिटार इंटरफेसमधून (सिग्नल लॅपटॉपला देणाऱ्या डबीतून) लॅपटॉपला लावतो आणि फुकटातला अ‍ॅम्प सिम्युलेटर वापरतो. क्लीन आवाज बरा येतो, पण डिस्टॉर्शन लावलं की डब्यात माशी कोंडल्यासारखं वाटतं. मित्र म्हणाला, आयआर टाक. मग मिळतील तेवढ्या आयआर उतरवून घेतल्या, हजारभर तरी असतील. रात्र रात्र बदलून बघतो. रात्री आवडलेली सकाळी नकोशी वाटते. काय करू?
*शिवाजी पेठ, कोल्हापूर*

तुझा कान बरोबर सांगतोय. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलची छाटणी, आणि छाटणी झाली की मूळ सुराच्या वर हार्मोनिक्सची, म्हणजे त्याच्या पटीतल्या वरच्या सुरांची, रांग उभी राहते, पार दहा हजार हर्ट्झच्या पुढेपर्यंत. खऱ्या अ‍ॅम्पमध्येही हेच घडतं. पण तिथे पुढे बारा इंची गिटार स्पीकर बसलेला असतो, आणि तो साधारण 5000 हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही. खाली 70-80 हर्ट्झपाशी तो हात आखडता घेतो. मधल्या 2000 ते 4000 च्या पट्ट्यात मात्र जास्तीचा जोर देतो, आणि त्यामुळेच गिटार ड्रम्समधून वर येते. गाणी ऐकायचा स्पीकर म्हणून तो कुणी घेणार नाही. पण इलेक्ट्रिक गिटारचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो, तो याच स्पीकरने घडवला आहे. तुझे हेडफोन 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत सगळं इमानेइतबारे ऐकवतात. मधला स्पीकरच गायब, मग माशी थेट कानात.

आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, ती जागा भरून काढते. कुणीतरी एका खोलीत एक कॅबिनेट ठेवलं, समोर एक माइक लावला, अगदी खालच्या सुरापासून वरपर्यंत सरकत जाणारा एक लांब स्वर स्पीकरमधून वाजवला आणि माइकवर काय आलं ते रेकॉर्ड केलं. काय पाठवलं आणि काय आलं याचा गणिती हिशोब मांडला की एक छोटीशी वेव्ह फाइल हातात येते, सेकंदाच्या काही शतांश भागाची. तुझा लोडर, म्हणजे आयआर चालवणारं सॉफ्टवेअर, गिटारचा सिग्नल त्या फाइलशी कन्व्होल्व्ह करतो, म्हणजे गणिताने त्या फाइलमधून गाळून काढतो, आणि तुला ते कॅबिनेट त्या माइकमधून ऐकू येतं.

हे नीट समजलं की हजार फाइलींचं ओझं आपोआप उतरेल. तुझ्याकडे हजार कॅबिनेट नाहीत. एकच कॅबिनेट, एकच माइक, आणि तो बोटभर इकडे-तिकडे सरकवून केलेल्या पंचवीस-तीस फाइली, असे गठ्ठे आहेत तुझ्याकडे. फाइलींची नावं वाच, त्यातच सगळं लिहिलेलं असतं. 57 दिसलं तर माइक शुअर एसएम57, 1965 पासून आजपर्यंत गिटारसमोर सगळ्यात जास्त उभा राहिलेला. 421 म्हणजे सेनहायझर एमडी421, त्याचा खालचा आवाज जरा भरीव. 121 म्हणजे रॉयर आर-121, रिबन माइक, वरची धार मऊ करणारा. व्ही30 म्हणजे सेलेशनचा व्हिंटेज 30, साठ वॉटचा, वरच्या मध्यात ठणकावून बोलणारा. ग्रीनबॅक म्हणजे त्याच कंपनीचा पंचवीस वॉटचा जी12एम, जरा सैल आणि गोड. 412 म्हणजे चार बारा इंची स्पीकरचं मोठं कॅबिनेट. माइक दोन बोटांवर असेल तर त्यातही तो मुख्यतः एकच स्पीकर ऐकतो.

या सगळ्यात आवाज सगळ्यात जास्त कशाने बदलतो? माइक कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याच्या, मध्यापासून किती बाजूला आहे, याने. बरोबर मधल्या टोपीसमोर माइक असेल तर आवाज टोकदार, चमकता. कडेकडे नेलास की धार उतरत जाते आणि अंग भरत जातं. ही सरक दोन सेंटिमीटरची असली तरी कान लगेच पकडतो. अनेकदा एकाच स्पीकरच्या मध्य आणि कडेच्या फाइलींमधला फरक दोन वेगवेगळ्या कॅबिनेटांमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो. म्हणून फाइल आवडली नाही की लगेच दुसऱ्या कॅबिनेटकडे पळू नकोस. तीच कॅब, तोच माइक ठेव आणि जागा बदल.

आता सांगतो तसं कर. व्हिंटेज 30 ची एक कॅब निवड, माइक 57. मधली, टोपी जिथे कोनला मिळते तिथली आणि कडेची अशा तीनच फाइली घे, बाकीच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलव. तिन्हींचा आवाज आधी एका पातळीवर आण, कारण वेगवेगळ्या फाइलींचा आवाज कमी-जास्त असतो आणि जी मोठी वाजते ती आपल्याला चांगली वाटते. माणसाचा कान असाच आहे, माझाही तसाच. तुझी रात्रीची आवड सकाळी टिकत नाही याचं मोठं कारण मला हेच दिसतं. दुसरं कारण, तू एकटी गिटार ऐकून निवडतोस. ड्रम्स आणि बेस लावून ऐक. एकटी ऐकताना जी फाइल जाडजूड, श्रीमंत वाटते तीच बँडमध्ये बेसच्या अंगावर जाऊन बसते. आणि जी एकटी ऐकताना किंचित बारीक वाटली ती आपली जागा बरोबर पकडते.

मला विचारशील तर टोपीच्या कडेची 57 घे आणि महिनाभर तीच वाजव. महिन्याने तिच्यात काय कमी वाटतं ते तुला शब्दांत सांगता येईल, आणि मग दुसरी फाइल कशासाठी शोधायची हे तुला ठाऊक असेल. तेव्हा त्याच कॅबची, त्याच मालिकेतली 121 ची फाइल थोडीशी मिसळून बघ, स्टुडिओत ही जोडी फार जुनी आहे. त्याच मालिकेतली यासाठी म्हणतो की दोन फाइली वेळेत एकमेकींशी जुळलेल्या हव्यात. ध्वनी एका मिलिसेकंदात चौतीस सेंटिमीटर जातो. तेवढा फरक राहिला तरी काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो.

गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, तेही कमी कर. रेकॉर्डवर जेवढं डिस्टॉर्शन असतं त्यापेक्षा आपण घरी नेहमी जास्त ठेवतो. इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं आहे ना, तेही बघ. ते नसेल तर पिकअपवर भार येतो आणि आवाज आधीच मंद होऊन आत शिरतो. पुढची कुठलीही आयआर तो परत आणू शकत नाही. एवढं करूनही वर थोडी सळसळ राहिलीच तर आयआरनंतर आठ हजारच्या आसपास हळुवार हाय कट (वरचे सूर कापणारा फिल्टर) लाव, खाली ऐंशीला लो कट (खालचे कापणारा). सहाव्या तारेचा मूळ सूर 82 हर्ट्झचा आहे, त्याच्या खाली तुझ्या कामाचं काही नाही.

शेवटचं म्हणजे अपेक्षेबद्दल. प्रॅक्टिसच्या खोलीत अ‍ॅम्प गुडघ्याच्या उंचीवर असतो, तू सहा-सात फुटांवर उभा असतोस, आणि आवाज भिंतींवरून फिरून तुझ्यापर्यंत येतो. आयआर त्या जागेवरून ऐकत नाही, स्पीकरला नाक लावून बसलेल्या माइकच्या जागेवरून ऐकते. रेकॉर्डवरचा गिटारचा आवाजही तिथूनच घेतलेला असतो. त्यामुळे 'पोटात धक्का बसत नाही' म्हणून फाइल बदलत बसू नकोस. तो धक्का हेडफोनमध्ये येणार नाही.

आमचा ऑर्केस्ट्रा आहे, गणपतीत आणि लग्नसराईत कार्यक्रम असतात. मी प्रोसेसर (अ‍ॅम्प आणि इफेक्ट एकाच डब्यात देणारं यंत्र) वापरतो. त्यात कॅबिनेटची आयआर लावून घरी झकास आवाज बसवला. पण स्टेजवर माझ्या गिटार अ‍ॅम्पमध्ये लावला की गोधडीखालून आल्यासारखा येतो, आणि साउंडवाल्याला थेट लाइन दिली की बेस घुमतो. एकाच प्रोसेसरची ही दोन सोंगं का?
*कसबा बावडा*

ही दोन वेगळी कारणं आहेत. एकेक घ्या.

तुमच्या गिटार अ‍ॅम्पला स्वतःचा स्पीकर आहे. प्रोसेसरमधली आयआर चालू ठेवून तुम्ही त्याच्या पुढच्या इनपुटला लावता, म्हणजे सिग्नल दोन कॅबिनेटमधून जातो. पहिल्याने 5000 च्या वरचं कापलं, उरलेलं दुसऱ्याने पुन्हा कापलं. मग गोधडी येणारच. शिवाय पुढच्या इनपुटमुळे अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्पही मधे येतो, म्हणजे प्रोसेसरमधला अ‍ॅम्प आणि हा अ‍ॅम्प असे दोन झाले. अ‍ॅम्पच्या मागे 'रिटर्न' लिहिलेला जॅक असेल तर त्यात लावा आणि त्या आउटपुटवरची आयआर बंद करा. पीएला, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या मुख्य स्पीकरांना, जाणाऱ्या आउटपुटवर मात्र ती चालूच हवी. बऱ्याच प्रोसेसरांत डाव्या-उजव्या आउटपुटला हे वेगवेगळं ठरवता येतं. सेटिंग बहुधा ग्लोबल मेनूत असतं, पॅचमध्ये (साठवलेल्या आवाजाच्या सेटिंगमध्ये) नाही, म्हणून सापडत नाही. तुमच्या प्रोसेसरात ही सोय नसेल तर गिटार अ‍ॅम्प घरी ठेवा, साउंडवाल्याकडून एक मॉनिटर जास्त मागा आणि सगळं आयआरवरच वाजवा. एवढ्याने तुमचं सामानही हलकं होईल.

बेस घुमण्याचं कारण वेगळं. तुम्ही आवाज घरी बसवलात, रात्री, शेजाऱ्यांना सांभाळून. कमी आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून हात आपोआप बेस वाढवतो. तोच पॅच मिरजकर तिकटीच्या मांडवात मोठ्या स्पीकरवर, तिप्पट आवाजात गेला की दाबून ठेवलेला सगळा बेस उसळून येतो. त्यात मांडवाखालच्या फळ्यांची भर. पॅच जोरात ऐकूनच बसवायचा. दिवसा दार लावून मोठ्या स्पीकरवर ऐका, नाहीतर कार्यक्रमाला अर्धा तास आधी पोहोचा आणि साउंडवाल्याला सांगून मुख्य स्पीकरवर चार कॉर्ड वाजवून बघा. लो कट शंभरपर्यंत न्यायला घाबरू नका, खाली बेसवाला आहेच.

साउंडवाल्याला एक वाक्य आवर्जून सांगा: "लाइनमध्ये कॅबिनेट आधीच आहे." नाहीतर काही जण गिटारची थेट लाइन बघितली की सवयीने वरचं कापतात, आणि तुम्ही बसवलेलं सगळं जातं.

एका आयआर पेडलवर 1024 लिहिलंय, दुसऱ्यावर 2048, किंमत जवळजवळ दीडपट. 2048 घ्यावं का? आणि फाइल 44.1 ची घ्यायची की 48 ची?
*इचलकरंजी*

सेकंदाला 48,000 सॅम्पलच्या (आवाजाच्या नोंदींच्या) दराने 1024 सॅम्पल म्हणजे एकवीस मिलिसेकंद, 2048 म्हणजे त्रेचाळीस. माइक स्पीकरला चिकटून असतो तेव्हा कॅबिनेटचं बहुतेक बोलणं पहिल्या वीसेक मिलिसेकंदांत संपतं. पुढे उरतं ते खालच्या सुरांचं रेंगाळणं आणि थोडी खोली. मोठ्या कॅबवर, तारांवर तळहात ठेवून जड रिफ वाजवत असाल तर 2048 मध्ये तळ जास्त घट्ट वाटेल. क्लीन, ब्लूज, सिनेमाची गाणी वाजवत असाल तर दीडपट पैसे घालू नका, त्यात चांगली केबल येते.

फाइलचा दर तुमच्या यंत्राच्या दराशी जुळवा. बहुतेक लोडर स्वतःच बदलून घेतात. जो घेत नाही त्यात 48 ची फाइल 44.1 वर वाजली की सगळं आठेक टक्क्यांनी खाली सरकतं, 3000 चा उंचवटा 2750 वर येतो, आणि 'हीच फाइल मित्राकडे चांगली का वाजते' हा प्रश्न पडतो.

नमस्कार सर. माझे वडील पूर्वी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांचं कॅबिनेट अजून घरी आहे, इथल्याच सुताराने केलेलं, आत दोन बारा इंची स्पीकर. अ‍ॅम्प केव्हाच गेला. कॅबिनेटचं कापड फाटलंय, स्पीकर आणखी किती टिकतील माहीत नाही. भाऊ म्हणतो भंगारात देऊ. याची आयआर करून ठेवता येईल का? मी थोडंफार रेकॉर्डिंग करते, इंटरफेस आहे, माइक एसएम57 आहे.
*मंगळवार पेठ, कोल्हापूर*

ताई, येईल. आणि भावाला सांगा, ती करून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आपल्या गावात आवाज जपण्याचा विचार फार उशिरा होतो, आणि हे मला मनापासून खटकतं. शाहू महाराजांच्या काळात, 1915 मध्ये सुरू झालेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळालं. भिंती, छत, खुर्च्या पुन्हा बांधता येतात, त्यांचे फोटो असतात, नकाशे असतात. पण त्या सभागृहात टाळी वाजवली की ती कशी परतायची, हे फक्त तिथे काम केलेल्यांच्या कानात आहे. सभागृहाचा नादही याच पद्धतीने, स्वर सोडून आणि माइकने ऐकून, फाइलमध्ये ठेवता येतो. तुमच्या हातात कॅबिनेट अजून आहे, म्हणून घाई करा.

आधी स्पीकर तपासा. मागची फळी काढा, बॅटरीच्या उजेडात कोनवर चिरा आहेत का बघा. मग दोन्ही हातांची बोटं टोपीच्या भोवती समान ठेवून कोन अलगद आत दाबा, हळूच सोडा, आणि कान जवळ न्या. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे. ती बाजू सोडा, दुसरा स्पीकर वापरा. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो गेलेला आहे. दोन्ही समांतर जोडलेले असतील तर एकूण चार ओहम होतात, तेव्हा पॉवर अ‍ॅम्प चार ओहमला चालतो ना, हे मागच्या पट्टीवर वाचून घ्या.

पॉवर अ‍ॅम्प साधा ट्रान्झिस्टरचा मागून आणा, ओळखीचा साउंडवाला देईल. इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून त्यात, त्यातून कॅबिनेटमध्ये. पॉवर अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटची वायर चुकूनही इंटरफेसला लावू नका, इंटरफेस जळेल.

माइक लावायला कापडातून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा, टोपीची गोल कड दिसते. तिच्यावर कापडाबाहेरून खडूने खूण करा, मध्यावर दुसरी, आणि कोनच्या अर्ध्यावर तिसरी. 57 कापडापासून दोन बोटांवर, सरळ. कॅबिनेट शक्य असेल तर टेबलावर चढवा आणि खोलीच्या मध्यावर आणा. भिंत दोन मीटरवर असेल तर तिचा आवाज बारा मिलिसेकंदांनी माइकवर येतो, जवळ असेल तर आणखी लवकर, आणि तो फाइलमध्ये कायमचा बसतो. आजूबाजूला गाद्या उभ्या केल्यात तर उत्तम.

मोजणीसाठी रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. स्वर 20 ते 20,000 हर्ट्झचा, जेवढा लांब घेता येईल तेवढा घ्या. आवाज मध्यम ठेवा, साध्या बोलण्यापेक्षा बराच मोठा, पण स्पीकर फाटू नये. माइकची कॅलिब्रेशन फाइल (माइकचा स्वतःचा रंग वजा करणारी) लावू नका, 57 चा रंग आपल्याला हवाच आहे. पंखा बंद करा. आणि हे काम रात्री करा. उद्यमनगरच्या बाजूने वर्कशॉपच्या हातोड्याचा एक ठोका स्वर चालू असताना माइकमध्ये आला तर तो गणितात ठोका म्हणून राहत नाही, उलटा पसरलेला सूर होऊन फाइलला चिकटतो. असं झालं तर तो स्वर टाकून द्या, पुन्हा वाजवा. तिन्ही खुणांवर वेगवेगळी मोजणी करा आणि प्रत्येकीचा इम्पल्स रिस्पॉन्स 24 बिट, 48,000 च्या वेव्ह फाइलमध्ये काढा. सुरुवातीची शांतता कापाल तेव्हा तिन्हींची सारखीच कापा, म्हणजे पुढे एकमेकींत मिसळता येतील. फाइलच्या नावात स्पीकर, माइक, जागा, अंतर आणि तारीख घाला, दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि माइक लावलेल्या कॅबिनेटचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका.

आता या फाइलमध्ये काय येणार नाही तेही सांगतो. आयआरला स्पीकरचा सूर-स्वभाव पकडता येतो. जोरात वाजवल्यावर कोन जो ताणतो, थोडा फाटतो, दबतो, ते तिच्या गणितात बसत नाही. तुमच्या वडिलांनी मैदानावरच्या कार्यक्रमात ते कॅबिनेट पुरं उघडून वाजवलं असेल, तर तो भाग तुम्हाला वेगळा रेकॉर्ड करावा लागेल. त्यासाठी एक चांगला गिटार अ‍ॅम्प हेड (स्पीकर नसलेला सुटा) कुणाकडून तरी आणा, माइक त्याच खुणेवर ठेवा आणि वडिलांना वाजवू द्या. बोटं पूर्वीसारखी चालत नसली तरी चालेल, चार कॉर्ड पुरेत. रेकॉर्डिंग दोन ट्रॅकवर करा: एकावर माइक, दुसऱ्यावर डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल थेट रेकॉर्डिंगला देणाऱ्या डबीतून) गिटारची कोरी लाइन. म्हणजे पुढे कधीही त्यांची तीच बोटं तुमच्या आयआरमधून काढून खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाशेजारी ठेवून ऐकता येतील.

आणलेला हेड व्हॉल्व्हचा असेल तर एक काळजी घ्या. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय तो चालू करायचा नाही आणि वाजत असताना ती काढायची नाही. बिनभाराचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळू शकतो, आणि तो दुरुस्त करणारा माणूस हल्ली सहज सापडत नाही.